बाईंनी दिलेलं कोल्हापूर

कोल्हापूर मला बाईंनी दिलं. बाई म्हणजे मंगळवार पेठेतल्या माझ्या घरमालकीण, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. बँकेच्या नोकरीसाठी मी परभणीहून इथं आले तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. या बाजूला माझं ना गाव, ना गोत. आठवडा कामात जाई. रविवार मात्र अंगावर येई. अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ झाली, पन्हाळा झाला, तांबडा-पांढरा झाला, आणि मग पुढं काय, हे सांगणारं कुणी नव्हतं. नव्या माणसाला शहर स्वतःहून एवढंच दाखवतं. त्यापलीकडचं दाखवायला माणूसच लागतं.

"अगं, दिवसभर खोलीत काय करालायस? चल, मी निघालो." बाई जुन्या कोल्हापुरी बायकांसारख्या 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन वह्या आणि दोन पेन्सिली. एक वही माझी. मला चित्र काढता येत नाही, असं मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुला काढाय येतंय का, हे कुणी विचारलंय? काढाय बसलीस की नीट बघशील." त्यांचा दंडक एवढाच होता: एका रविवारी एकच जागा, त्या जागेतली एकच वस्तू, आणि ती वहीत उतरवल्याशिवाय उठायचं नाही.

पहिल्यांदा त्यांनी मला टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात नेलं. ती इमारतच 1872 ते 1876 या काळात बांधलेली, भोवती मोठमोठी झाडं. आत गेल्यावर तोफा, तलवारी, मूर्ती यांच्यासमोर त्यांनी मला थांबू दिलं नाही. थेट एका लहानशा ब्राँझच्या पुतळ्यापुढं उभं केलं. तो पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर 1940च्या दशकात प्राचीन वस्ती उजेडात आली, तिथला हा ठेवा. घाटाच्या अलीकडच्या या गावात समुद्राचा परदेशी देव कसा पोचला असेल, याचा विचार करत मी त्याचा उचललेला हात कितीतरी वेळ काढत बसले. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांतून घाट चढून व्यापार या गावापर्यंत येत होता, हे मी शाळेत वाचलं असेलही. मला ते कळलं त्या हातापाशी.

बाईंच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असे. त्यावर दुधाच्या खाड्यांबरोबर लाल पेन्सिलीनं शहराच्या तारखा लिहिलेल्या. नऊ, दहा, अकरा नोव्हेंबर आणि एकतीस जानेवारी, एक, दोन फेब्रुवारी: किरणोत्सव. दिवाळीनंतर शाहू स्टेडियमवरचे फुटबॉलचे सामने. थंडीत गुऱ्हाळं. आषाढातल्या मंगळवार-शुक्रवारी त्र्यंबोलीची जत्रा. त्याच्या मधल्या रिकाम्या चौकटींत देवल क्लबची गाण्याची बैठक, शाहू स्मारकातलं चित्रप्रदर्शन, असं जसं कळेल तसं भरलं जाई. नवीन कॅलेंडर आलं की जुन्यावरच्या पक्क्या तारखा त्या पहिल्याच दिवशी उतरवून घेत. शहरात काय आहे यापेक्षा ते कधी आहे, हे माहीत असावं लागतं. त्या लाल खुणांनी मला ते शिकवलं.

किरणोत्सवाला आम्ही वर्षानुवर्षं अंबाबाईच्या देवळात गेलो. मावळतीचं ऊन महाद्वारातून आत शिरतं, गरुड मंडप ओलांडतं, कासव चौकात येतं, पितळी उंबऱ्यावर चढतं, मग चांदीच्या उंबऱ्यावर, आणि पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपाशी थांबतं. दुसऱ्या दिवशी ते वर सरकतं, तिसऱ्या दिवशी मुखावर जातं. सगळा खेळ काही मिनिटांचा. एखाद्या वर्षी ढग आडवा येतो, कधी हवेतली धूळ किंवा वाटेतली बांधकामं किरणं अडवतात, आणि ऊन उंबऱ्यावरूनच मागं फिरतं. तेव्हा मंडपातले सगळे लोक एकदम हळहळतात. ज्यांनी हे देऊळ उभारलं त्यांनी वर्षातले हे दिवस आणि उन्हाचा हा कोन दगडात बांधून ठेवला, आणि आजचा माणूस बँकेतून सुटून पायी येऊन तो पाहू शकतो. ऊन पोचलं नाही त्या वर्षी बाई एवढंच म्हणाल्या, "देवीनं बोलावलं होतं, आपण आलो. पुढच्या बारीला बघू."

फुटबॉलची गोष्ट वेगळी. परभणीच्या मुलीला पेठापेठांचं फुटबॉल म्हणजे काय, हे कळायला वेळ लागला. पाटाकडील तालीम आणि दिलबहार यांचा सामना असला की गल्ल्या सकाळपासूनच तापलेल्या असत. कुस्तीच्या तालमींच्या नावांनी फुटबॉलचे संघ उभे आहेत, तेही क्रिकेटनं व्यापलेल्या देशात, याचा मला अजूनही अभिमान वाटतो. गॅलरीत बायका फार कमी असायच्या. बाई मात्र हक्कानं बसत आणि गोल झाला की उभ्या राहून ओरडत.

आषाढात पंचगंगेला नवं पाणी आलं की पेठेपेठेतून ते घागरी-कळशांत भरून त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या टेकडीवर नेतात, पी-ढबाक वाजत असतो आणि मुली पाण्यानं देवळाच्या पायऱ्या धुतात. बाईंनी पहिल्याच वर्षी माझ्या डोक्यावर कळशी दिली. त्या दिवसानंतर गल्लीतल्या बायका मला नावानं हाक मारू लागल्या.

सगळ्यात मोठं देणं मात्र एका सहीचं. करवीर नगर वाचन मंदिर हे 1850 सालचं ग्रंथालय. सभासद व्हायचं तर अर्जावर ओळखीच्या माणसाची हमी लागते. मी तो अर्ज घेऊन खोलीत बसले होते. या गावात माझी हमी कोण देणार? बाईंनी न विचारता अर्ज ओढून घेतला आणि सही केली. पुस्तक हरवलं, पैसे बुडाले तर भरपाई त्या करणार. चार महिन्यांची ओळख असलेल्या भाडेकरणीसाठी! माझ्या आयुष्यात माझ्या वतीनं असा शब्द टाकणारं आईवडिलांनंतर पहिलं माणूस म्हणजे बाई.

पुढं माझ्या लक्षात येत गेलं की बाई मला जिथं जिथं नेतात ती प्रत्येक जागा कुणीतरी देऊन ठेवलेली आहे. राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय घ्या. पडद्यावरच्या भूमिकांनी महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या नटानं आपलं राहतं घर आणि आपली चित्रं शासनाला देऊन टाकली. कुणीही आत जावं, निसर्गचित्रं बघावीत, पावडर शेडिंगमध्ये पावडरीनं साधलेला उजेड आणि सावली बघावी. खरी कॉर्नरला दगडी स्तंभावर कॅमेरा उभा आहे. रस्त्यानं जाणाऱ्या बहुतेकांना तो दिसतही नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. बाईंनी मला त्या कॅमेऱ्यापुढं, भर रहदारीत, स्टुलावर बसवून चित्र काढायला लावलं. रिक्षावाले बघत राहिले.

आणि शाहू महाराज तर पावलोपावली. दसरा चौकापासून बोर्डिंगांच्या पाट्या वाचत चालायचं, हा बाईंचा आवडता फेरफटका. 1901 साली मराठा बोर्डिंग निघालं, पुढं जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक वसतिगृहं उभी राहिली, आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी 1908 साली मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातल्या मुलाला शिकायचं तर शहरात राहायला जागा हवी, हे त्या राजानं ओळखलं होतं. भाड्याची खोली शोधत वणवण केलेल्या मला ते पुस्तकाशिवाय समजलं.

आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह. मैदान 1912चं, नाट्यगृह 1915चं, दोन्ही महाराजांनी बांधलेली, एकमेकांना लागून. खासबागेत कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो, कारण बैठक सगळीकडून उतरती केली आहे. तेव्हा पॅलेस थिएटर म्हणवणाऱ्या या नाट्यगृहातही प्रेक्षकाच्या आड एकही खांब येत नसे. मागं बसलेल्या गरिबालाही पुढच्याइतकंच दिसावं, यासाठी बांधणाऱ्यानं घेतलेले हे कष्ट बाई दर वेळी मला नव्यानं सांगत. 8 ऑगस्ट 2024च्या रात्री ते नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रात्री रस्त्यावर उभी असलेली माणसं उघड रडत होती, मीही त्यात होते. बाई तोवर गेलेल्या होत्या. ते बघायला त्या नव्हत्या, याचं मला त्या रात्री बरं वाटलं.

त्यांच्या मुलानं घर विकलं तेव्हा मला काय हवं ते न्या म्हणाला. मी वह्या मागितल्या. पोसायडन, पितळी उंबरा, रंकाळ्यातला संध्यामठ, खासबागेची उतरण, सगळं बाईंच्या रेघेत त्यात आहे.

बाईंना मी कधी काही परत देऊ शकले नाही. घरभाडं सोडून त्यांनी काही घेतलंच नाही. मग मला जमतं ते मी करते. शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या, नोकरीला लागलेल्या मुली आमच्या भागात राहतात. त्यांच्यापैकी कुणाला तरी घेऊन रविवारी निघते. लाल पेन्सिलीच्या तारखा दरवर्षी माझ्याही कॅलेंडरवर उतरवलेल्या असतात. काही मुली कंटाळतात, एखादीच वही उघडते. तेवढं पुरतं.

कोल्हापूरकरांना माझी विनंती आहे. तुमच्या माडीवर किंवा शेजारच्या हॉस्टेलवर बाहेरगावची कुणी मुलगी राहायला आली असेल, तर येत्या नऊ नोव्हेंबरला तिला सोबत घेऊन महाद्वारातून आत जा. आणि वाचनालयाच्या अर्जावर तिला हमी देणारं कुणी नसेल, तर सही तुम्ही करा.