खादी घालणारे आणि सूत कातणारे

वर्ध्यात राहणाऱ्याला चरख्याची उपमा फार सहज सुचते, म्हणून ती जपून वापरावी असे मला वाटते. तरीही बिटकॉइनविषयी विचार करताना ती मला टाळता आलेली नाही.

३ जानेवारी २००९ रोजी सुरू झालेल्या या जाळ्याचे मूळ तत्त्व असे, की बँकेवर विसंबण्याऐवजी हिशेबाची वही ज्याची त्याला तपासता यावी. प्रत्येक व्यवहार नियमाला धरून आहे की नाही, हे स्वतः पडताळणाऱ्या संगणकाला ‘फुल नोड’ म्हणतात. पण बहुतेकांजवळ असते ते मोबाइलवरचे ‘वॉलेट’, आणि ते बहुधा दुसऱ्याच्या नोडला विचारून शिल्लक सांगते. किल्ली आपली, वही परक्याची.

हा पेच आपल्याला नवा नाही. १९२४ साली बेळगावला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसच्या सभासदत्वासाठी दरमहा २,००० वार सुताची अट आली; मात्र दुसऱ्याने कातलेले सूत दिले तरी चालेल, ही पळवाटही तिच्यातच होती. वर्षभरात चार आण्यांचा पर्याय परत आणावा लागला. पुढे १९४४ साली सेवाग्रामला चरखा संघाच्या कार्यकर्त्यांपुढे गांधीजींनी खादीच्या विक्रीपेक्षा स्वतःपुरते कातण्यावर भर दिला. कातणारा घटला आणि गिऱ्हाईक वाढले, तर उरते ते नुसते कापड.

मी घरच्या जुन्या संगणकावर नोड चालवतो. भाच्याने विचारले, “मामा, याचे पैसे किती मिळतात?” काहीच नाही. संपूर्ण वही ६०० गिगाबाइटांहून मोठी झाली आहे. तपासून झालेली जुनी पाने टाकून देण्याची सोय असल्यामुळे जागा थोडकी पुरते, पण पहिल्या पडताळणीला दिवसच्या दिवस लागतात.

मग मिळते काय? नकार देण्याचा अधिकार. २०१७ मध्ये अनेक मोठ्या कंपन्यांनी आपसांत ठरवलेला नियमबदल नोव्हेंबरात मागे घ्यावा लागला. त्यात नोड चालवणाऱ्या सामान्यांच्या विरोधाचा मोठा वाटा होता. नुसते वॉलेट बाळगणाऱ्याला असा विरोध नोंदवायला जागाच नसते.

म्हणून वॉलेटवाल्यांना नोड चालवा असे सांगावे, पण लाभाचे आमिष दाखवू नये आणि सक्तीही करू नये. सक्तीचे सूत वर्षभरही टिकले नाही. दहांतल्या एकाने जरी समजून-उमजून वही उघडली, तरी उरलेल्या नवांच्या हिशेबाला कुणीतरी साक्षीदार असेल.