नळाचे तुकडे

मुंबईची तहान भागविणारा तानसा तलाव (१८९२) आणि भातसा धरण, दोन्ही आमच्याच शहापूर तालुक्यात. तरी उन्हाळ्यात आमच्याकडील पाड्यांवर हंडाभर पाण्यासाठी वणवण असतेच. म्हणून शेणव्याच्या अंगणवाडीत मी पाण्याचा खेळ मांडणार म्हटल्यावर आजी कडाडली, "पाणी काय खेळायला असतं? कॉलेजात हेच शिकवतात का रं?"

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. उत्तर देणे भाग होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली आणि परिसरातल्या वस्तूंचीच साधने केली, हे मी वाचले होते. दादा नळजोडणीची कामे करतो. त्याच्याकडचे अर्ध्या इंची पाइपचे उरलेले तुकडे, चार एल्बो, एक टी घेतली. कापलेल्या बाटलीचे नरसाळे केले. सारे कुंपणाला उतरते बांधले, खाली घमेली ठेवली. सांधे मुद्दाम चिकटविले नाहीत. मुलांनी ते उपसावेत, पुन्हा जोडावेत. घमेल्यातले पाणी परत वर ओतायचे, शेवटी अळूला.

आजी तांबे मोजायला आली. एक चिमुरडी टीचे एक तोंड तळव्याने दाबी, की दुसऱ्यातून धार जोरात सुटे. आजी बघत राहिली, मग म्हणाली, "घट्ट दाब गं पोरी, नाहीतर सगळं मुंबईला जायचं!"