आमसूल, राख आणि टीसीएल

नाटे, ता. राजापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या समईचा फोटो घरात सगळ्यांनी पाहिला. लिक्विडने तीनदा धुऊनही ती काळी ती काळीच, ही तक्रार आजीपर्यंत पोचली. तिचं उत्तर एका शब्दाचं : आमसूल.

गणपती जवळ आले की पडवीत पितळेची भांडी निघतात. इथल्या खाऱ्या हवेत पितळ लवकर काळवंडतं. आजी समई आधी चुलीतल्या राखेने घासते. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. हा क्षार तेलाचा चिकट थर सोडवतो, त्यातल्या थोड्या तेलाचा साबणच करून टाकतो. मग भिजवलेलं आमसूल. उरलेला काळेपणा तेलाचा नसतोच, तो तांब्याच्या ऑक्साइडचा. साबणाला तो दाद देत नाही, आम्लात मात्र विरघळतो. आजीचा अंगठा फिरतो तिथे आमसुलाचं लाल पाणी मळकट होतं आणि खालून पिवळंधमक पितळ वर येतं. कल्हई गेलेल्या पातेल्यात सोलकढी कळकते, तीही याच आम्लामुळे.

राख आणि आमसूल ती एकत्र कधीच कालवत नाही. क्षार आणि आम्ल एकमेकांना मारतात. हल्ली खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकदम ओततात; फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, मागे उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. त्यात फक्त जिन्नस वाया जातात.

ब्लीचचं तसं नाही.

पावसाळ्यात विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर तुझ्याकडच्या ब्लीचचीच बहीण. हजार लिटरला अडीच ग्रॅम टाकून तासभर थांबलं की पाणी पिण्याजोगं होतं. जंतू मारणं आणि रंग उडवणं हे तिचं काम. पितळेचा काळेपणा काढणं नव्हे. पण ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन सैन्याने शत्रूवर सोडला तो हाच वायू. काच पुसायच्या अमोनियाशी ब्लीचची गाठ पडली तर क्लोरामाइन तयार होतं, तेही फुफ्फुसांना घातक. तुझ्या बाथरूमला खिडकी नाही, म्हणून हे इतकं बजावून सांगणं.

ब्लीच वापरशील तेव्हा फक्त साध्या पाण्यात मिसळ. समई धुण्याच्या सोड्याने धू, मग लिंबू-मिठाने घास, लगेच पाण्याने धुऊन कोरडी कर. आजीने आमसुलं पार्सलात घातली आहेत.

तुझा काका