धोट्याचे सूत आणि लोनाडचे लेणे



रविवारी आम्ही काही कुटुंबे मुलाबाळांसह भिवंडी तालुक्यातील लोनाडचे बौद्ध लेणे पाहायला निघालो. भिवंडीत यंत्रमागांची खडखड चालूच होती. बारा तासांची पाळी संपवून कामगार बाहेर पडत होते. कोणी उत्तर प्रदेशचा, कोणी तेलंगणाचा, कोणी आपल्यातला. सर्वांच्या केसांत कापसाचे तंतू सारखेच.

आमच्यातील एका मुलीने विचारले, "कायद्यात आठवड्याला 48 तास आहेत ना? मग हे बारा तास कसे?" आम्ही म्हणालो, एकच कारखाना कागदावर लहान लहान तुकड्यांत दाखवला, की कायदा दाराबाहेरच थांबतो.

लेण्यात त्रिसरण-पंचशील घेतले आणि सावलीत भाकरी सोडताना मुलांना मुंबईच्या गिरण्यांची हकीकत सांगितली. तिथे विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसांना तिथे मज्जाव. धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून विटाळ! ही बंदी सरकारच्या कायद्याने घातली नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या कामगारानेच ती पाळली होती. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हे खाते आपल्या माणसांना खुले करण्याची मागणी लावून धरली.

मग हक्क येतात कुठून? सरकारकडून म्हणावे, तर सरकार ते काढूनही घेईल. मालकाच्या मेहरबानीने म्हणावे, तर आपण कायमचे मिंधे. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितले, की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतली नसून तथागत बुद्धांच्या शिकवणीतून घेतली. कायदा हवाच, पण स्वातंत्र्य आणि समतेची खरी राखण बंधुता करते, हे त्यांचे म्हणणे.

भिवंडीने 1970 आणि 1984 साली दंगली पाहिल्या. एकाच मागावर राबणारे हात एकमेकांवर उठले, तर बारा तासांबद्दल मालकाला जाब कोण विचारणार? संघटना उभी राहायची तर आधी शेजारचा माणूस आपला वाटला पाहिजे.

परतताना मुलांनीच ठरवले, की येत्या 14 एप्रिलला वस्तीतल्या विहारात शेजारच्या मागावरच्या सर्व कामगारांना बोलवायचे. त्यांची जात, धर्म, प्रांत न विचारता पंगतीत बसवायचे. निमंत्रण द्यायला आम्ही मोठी माणसेही बरोबर जाणार आहोत.