मधला तुकडा

गाडी मी स्वतः बांधली असं म्हणतो, तेव्हा तिच्यातलं नेमकं माझं काय? इंजिन माझं नाही. माझ्दाच्या लोकांनी ते जपानात घडवलं, आणि एका एमएक्स-५ मध्ये बसून ते इंग्लंडात आलं. गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि चाकांचे हबही त्याच गाडीचे. सुपरचार्जर ऑक्सफर्डला जुळणी झालेल्या एका मिनी कूपर एसचा. अपघातात चेपलेली ती गाडी भंगाराच्या आवारात पडून होती. सुपरचार्जरच्या अंगावर ईटन या मूळच्या अमेरिकी कंपनीचं नाव आहे. चॅसिसच्या चौकोनी नळ्या मी कापल्या, टाके मारले, वेल्ड केल्या. पण तो सांगाडाही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. मग उरतं काय? उरतात पट्ट्या, कान, टेकू, स्पेसर, झाकणं आणि ब्रॅकेटं. एकमेकांसाठी कधीच न बनलेल्या दोन वस्तूंच्या मधले तुकडे. माझ्या मते घरी बांधलेल्या गाडीतली बांधणाऱ्याची खरी कारागिरी याच तुकड्यांत असते. गाडी बघायला येणारे त्यांच्याकडे क्वचितच बघतात.

इंग्लंडमध्ये घरी गाडी बांधायचा हा नाद जुना आहे. कॉलिन चॅपमनच्या लोटसने १९५७ साली ‘सेव्हन’ आणली. दोन माणसं कशीबशी मावतील एवढी अरुंद, दारं नसलेली, वजनाने कमालीची हलकी गाडी. ती सुट्या भागांत विकत घेऊन घरी जुळवली की तयार गाडीवरचा खरेदी कर वाचायचा. त्यामुळे कितीतरी साध्या पगारदारांनी आपल्या गॅरेजात पाने हातात घेतले. १९७३ मध्ये सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडे गेले, आणि ती गाडी आजही बनते. पण माझ्यासारख्यांना वाट दाखवली ती रॉन चॅम्पियन यांच्या १९९६ च्या पुस्तकाने. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बांधा, असं त्याचं नावच सांगत होतं. इंचभर चौकोनी पोलादी नळी, १.६ मिमी जाडीची भिंत, एक जुनी फोर्ड एस्कॉर्ट आणि वेल्डिंगचं मशीन, एवढ्यावर त्यांनी गाडी उभी करून दाखवली. २५० पौंडांत ती खरोखर किती जणांची झाली असेल, देव जाणे. पण आपल्यालाही हे जमेल, हा विश्वास त्या पुस्तकाने हजारो घरांत नेला. माझा सांगाडा त्याच घराण्यातला आहे. एस्कॉर्टऐवजी माझ्दाचे भाग बसावेत म्हणून काही नळ्यांच्या जागा मात्र बदलल्या.

सुपरचार्जर हे यंत्र मला कायम आवडत आलं आहे, कारण त्याचं काम डोळ्यांपुढे उभं करता येतं. दोन पिळदार रोटर एकमेकांत फिरतात, पण एकमेकांना शिवत नाहीत. त्यांच्या टोकाची दातेरी चाकं त्यांना ताळ्यात ठेवतात. अमेरिकेत इंडियानातल्या कॉनर्सव्हिलच्या रूट्स बंधूंनी १८६० साली या रचनेच्या मूळ रूपाचं पेटंट घेतलं. तेव्हा मोटारगाडीचा जमाना सुरूही झाला नव्हता. रूट्स पद्धतीचा पंप हवा आपल्या पोटात दाबत नाही. एका बाजूची हवा उचलून दुसऱ्या बाजूला टाकतो, एवढंच. पुढे इंजिनाला ती सगळी गिळवत नाही, म्हणून मॅनिफोल्डमध्ये दाब चढतो. हवा तापतेही तिथेच.

इथे साधा हिशेब कामाला येतो. माझं इंजिन १८३९ सीसीचं. फोर-स्ट्रोक असल्यामुळे क्रँकच्या एका फेऱ्यात ते निम्मी, म्हणजे साधारण ९२० सीसी हवा ओढतं. माझा सुपरचार्जर, म्हणजे ईटनचा एम-४५, एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७४० सीसी हवा पुढे टाकतो. क्रँकची पुली त्याच्या पुलीच्या दुप्पट व्यासाची ठेवली, तर क्रँकच्या एका फेऱ्यात त्याचे दोन फेरे, म्हणजे जवळजवळ दीड लिटर हवा. ९२० च्या जागी १४८०. गळती आणि उष्णता वजा जाता वातावरणाच्या वर अर्धा बार दाब पदरात पडावा. इंजिन मिनिटाला ७,००० फेऱ्यांवर गेलं की रोटर १४,००० वर असतात. तो आकडा कागदावर लिहिल्यावर ब्रॅकेटकडे बघायची माझी नजर बदलली. एवढ्या वेगाने फिरणारी वस्तू ज्या पाटावर बसणार, तो पाट मी घरात आखणार होतो.

जागेचा प्रश्न आधी सुटायला हवा होता. सेव्हनच्या जातीच्या गाडीचं नाक निमुळतं असतं. इंजिन बसल्यावर एका अंगाला स्टिअरिंगचा दांडा आणि दुसऱ्या अंगाला तापणारी एक्झॉस्टची नळकांडी. मधे जी फट उरते, तिचा आकार कुठल्याही भूमितीच्या पुस्तकात नाही. अशा वेळी मला बेंटली आठवते. १९२९ मध्ये शर्यतपटू टिम बर्किनच्या हट्टापायी अभियंता अ‍ॅम्हर्स्ट व्हिलियर्सचा सुपरचार्जर साडेचार लिटरच्या बेंटलीला बसवायचं ठरलं. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली यांचा त्याला सक्त विरोध होता. इंजिनाच्या कुशीत जागा नव्हती. मग तो धूड पंप रेडिएटरच्याही पुढे, चॅसिसच्या दोन शिंगांच्या मधे बसवला आणि थेट क्रँकच्या नाकावरून फिरवला. लोक आज त्या गाडीचं रूप बघून थांबतात. ते रूप कुणी चित्र काढून ठरवलेलं नव्हतं, अडचणीतून वाट काढताना ते घडलं. ल मांसची शर्यत त्या गाड्यांना कधी जिंकता आली नाही, पण १९३० मध्ये पो इथल्या फ्रेंच ग्राँ प्रीत बर्किनने त्या जडशीळ गाडीला दुसरा नंबर मिळवून दिला. फिटिंग करणाऱ्या प्रत्येकाने त्या गाडीसमोर एकदा उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या पाटाचा पहिला अवतार पुठ्ठ्याचा होता, दुसरा प्लायचा. पुठ्ठ्यावर कात्री चालते, मत बदललं तरी काही बिघडत नाही. प्लायवर मात्र भोक पाडताना माणूस विचार करतो. आराखडा संगणकावर काढून लेसरवर पाट कापून आणणं सोपं आहे, आणि शेवटी मी तेच केलं. पण लेसरला द्यायचे आकडे त्या फटीत हात घालूनच मिळाले. पाना कुठे फिरतो, बोल्ट मागून सरकवता येतो का, ऑइल फिल्टर काढताना मनगट कुठे अडकतं, हे संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही. गाडी बांधणारा पुढे ती दुरुस्तही करणार असतो, म्हणून तो बोटांसाठी जागा ठेवतो.

पाट चॅसिसला बांधायचा नाही, इंजिनालाच बांधायचा, हे पहिल्यापासून पक्कं होतं. इंजिन रबरावर बसलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते अंग टाकतं. सुपरचार्जर चॅसिसवर आणि क्रँक इंजिनात असेल, तर दर झटक्याला पट्ट्याचा ताण बदलणार. धातूचा प्रश्न जास्त गुंतलेला होता. हलकं म्हणून सगळे अ‍ॅल्युमिनियम सुचवतात. पण ३०० मिमी लांबीचं अ‍ॅल्युमिनियम ८० अंशांनी तापलं की अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतं, पोलाद त्याच्या निम्मंच. माझ्या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि त्याची वाढ पोलादाच्या जवळची. म्हणून १० मिमी पोलादी पाट घेतला. वजन वाढलं खरं, पण थंडीत बसवलेला पट्टा गरम इंजिनावरही जवळजवळ तेवढाच ताणलेला राहतो.

माझे मामा कोल्हापुरात उद्यमनगरला आयुष्यभर फिटर होते. कानस सपाट कशी चालवायची, हे शाळेच्या सुट्यांत त्यांनीच शिकवलं. पाट बसवून झाल्यावर मी त्यांना व्हिडिओवर दाखवला.

‘‘मामा, सरळपट्टी लावून बघितली. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत.’’

‘‘उभ्या गाडीत हाईतच रं. ताण आल्यावर कुठं जातील, ते बघितलंस का? डायल लाव लेका, आन् पुलीला पहारीनं वढून बघ.’’

डायल गेज ब्लॉकवर टेकवून पहार लावली. काटा हलला. १० मिमीचा तो पाट, जो मला हातांनी तसूभर वाकवता आला नसता, पहारीच्या ओढीला मान देत होता.

‘‘जाडी वाढवू का?’’

‘‘जाडी नगं. मागनं तिरका कान दे. त्रिकोण झाला की गप बसतंय.’’

ते त्रिकोणी कान मी मागून वेल्ड केले. वेल्डिंगने पाट ओढला जाऊ नये म्हणून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, थोडे थोडे टाके घेत गेलो. नंतर पहार लावली, तेव्हा काटा जागचा हलला नाही. मामांचं शिक्षण आयटीआयचं. आजवर अनेक पदवीधर अभियंत्यांबरोबर काम केलं, पण धातू ताणाखाली कुठे जाईल हे नुसतं बघून सांगणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही.

‘‘हितं आसती तर चालवून बघितली आसती,’’ असं ते म्हणाले, तेव्हा मला वाईट वाटलं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. घरात बांधलेली गाडी रस्त्यावर आणायला सामान्य माणसाला सरळ वाटच नाही. इंग्लंडमध्ये आयव्हीए नावाची तपासणी आहे. कडक आहे, पण ती होतकरू माणसाला दार उघडं ठेवते. अंगाला लागू शकेल अशा बाहेरच्या प्रत्येक कडेला किमान २.५ मिमीची गोलाई हवी, असा तिथला नियम. मला तो फार आवडतो. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची काळजी त्यात मोजून घातली आहे. आपल्याकडे बाहा एसएई इंडियासारख्या स्पर्धांसाठी अभियांत्रिकीची मुलं रात्री जागून गाड्या बांधतात. स्पर्धा संपल्यावर त्या हातांना पुढे रस्ता मिळायला हवा.

एक काम उरलं होतं. मिनीमध्ये पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच मागच्या टोकावरून फिरतो. माझ्दाला स्वतःचा पंप आहे, म्हणून ते टोक रिकामं राहिलं. त्याच्या आत गिअर आणि तेल. उघडं ठेवता येत नाही. तिथे मी अ‍ॅल्युमिनियमचं गोल झाकण लेथवर काढलं आणि ओ-रिंगसाठी खाच घेतली. बाहेरून ते कुणाला दिसत नाही. बसवताना ज्या घट्टपणे ते आत सरकलं, त्याचं समाधान मला इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या आवाजाइतकंच मोठं वाटतं.

पाट रंगवण्याआधी त्याच्या मागच्या अंगावर मी पंचाने अक्षरं ठोकली. पट्टा सहा रिबांचा, त्याची लांबी, दोन्ही पुल्यांचे व्यास आणि बोल्ट किती ताणायचे ते आकडे. हा तुकडा कुठल्या कॅटलॉगात सापडणार नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही गाडीला लागणार नाही. माझ्यानंतर ही गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला पट्टा तुटल्यावर दुकानात जाऊन नेमकं काय मागायचं, ते तिथे वाचता येईल.