सपाटीवर अडकलेली शतकं

आमच्या कालमापनाच्या कामात इ.स.पू. ८०० ते ४०० हा पट्टा सगळ्यात छळतो. त्या काळात हवेतला कर्ब-१४ घटत गेला, तो जवळपास त्याच्या क्षयाच्याच वेगानं. म्हणून आठव्या शतकातला जव आणि पाचव्या शतकातला जव आज प्रयोगशाळेत सारखेच मोजले जातात. अंशांकनाची रेषा तिथे आडवी पडते, आणि उत्तर-जोर्वे या ताम्रपाषाण संस्कृतीच्या वस्त्यांचा शेवट नेमका तिच्या तोंडाशी येतो.

घोड नदीकाठच्या इनामगावचा शेवट आम्ही इ.स.पू. ७०० असा लिहीत आलो. आयताकृती घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, पाऊस हटला, माणसं पांगली, ही पुरातत्त्वज्ञ ढवळीकरांची मांडणी मला आजही पटते. फळ्यावर तो आकडा लिहिताना मला सुख वाटायचं. उत्खनन करणारे माझ्या सालासाठी खोळंबून राहत, तेही आवडायचं.

यंदा एका विद्यार्थिनीनं टीएफ आणि पीआरएल या प्रयोगशाळा-क्रमांकांच्या जुन्या तारखा बेझियन मॉडेलमध्ये घातल्या. थरांचा क्रम तोच ठेवला, शेवटच्या टप्प्याबद्दलचं गृहीतक तेवढं बदललं, तर वस्तीचा शेवट शतकभर सरकला. तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष नाही.

सपाटी फोडायला वर्तुळं मोजता येतील असं दीर्घायुषी लाकूड हवं. आमच्या पांढरीत मिळतो तो चुलीतला काटक्यांचा कोळसा. तुळईचा मिळालाच, तर तिच्या गाभ्याचं लाकूड घराहून जुनं. हाडातलं कोलॅजेन आपल्या उन्हापावसात बहुधा टिकत नाही. राहतं एका हंगामाचं धान्य: जव, मसूर, कुळीथ.

हल्ली शेकडो तारखांची बेरीज करून लोकसंख्येचे आलेख काढतात आणि खड्डा दिसला की दुष्काळ जाहीर करतात. मला ते सहन होत नाही. रेषेची वळणंच त्या बेरजेत उतरलेली असतात. छेदासमोर बसून उंदराच्या बिळातून खाली आलेला दाणा वेगळा काढायचं काम यांतल्या कितीजणांनी केलंय?

विद्यार्थिनी म्हणते, ‘सर, खालच्या थरातले दाणे पाठवू. इ.स.पू. १००० च्या आसपास रेषेला उतार आहे, निदान उत्तर-जोर्वेची सुरुवात घट्ट बसेल.’ तिचं बरोबर आहे. पण शेवटच्या चुलीतला जव इ.स.पू. ८०० च्या आधीचा निघाला, तर सपाटीचा प्रश्नच उरत नाही आणि घोडकाठ ओस पडल्याचा काळ आणखी लांबतो. तो शेवट मीच ठरवावा, ही हावही त्यात आहे. पैसे एकाच खेपेपुरते आहेत. मी वरचे दाणे पाठवतोय.