वयोगट

पळण्याच्या खेळात माणूस म्हातारा व्हायची वाट बघतो. मास्टर्स ॲथलेटिक्समध्ये पस्तिशीपासून पुढे दर पाच वर्षांनी नवा गट लागतो. चौसष्ट वर्षांचा गडी आपल्या गटातला सगळ्यात वयस्कर. पासष्टावा वाढदिवस झाला की तोच एका रात्रीत नव्या गटातला पोरगा. आमच्या ग्रुपमधल्या एका निवृत्त बँकवाल्यांनी तयारी पूर्ण असूनही एक स्पर्धा सोडून दिली. कारण विचारलं तर म्हणाले, "अजून वय बसत नाही." मुलाचं लग्न जमवतानाही त्यांनी वयाचा एवढा हिशेब केला नसेल.

*

या मंडळींच्या कागदांवरच्या जन्मतारखा बघाव्यात. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. घरच्यांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. पोरगं सहा वर्षांचं भरावं म्हणून कधी एखादं वर्ष पदरचंही घालायचे. त्या वर्षापायी आधी निवृत्त व्हावं लागलं म्हणून जन्मभर गुरुजींच्या नावाने बोटं मोडणारे एक काका हल्ली त्यांचं नाव आदराने घेतात. वरच्या गटात वर्षभर आधी जाता येतं ना!

फौजा सिंग यांच्या वाट्याला उलटं आलं. जालंधरजवळच्या ब्यास पिंडचे, म्हातारपणी लंडनला स्थायिक झालेले. २०११ साली टोरांटोत त्यांनी आठ तासांहून थोड्या जास्त वेळात फुल मॅरेथॉन पुरी केली, तेव्हा पासपोर्टप्रमाणे ते शंभर वर्षांचे होते. गिनेसवाल्यांनी जन्माचा दाखला मागितला. १९११ साली पंजाबातल्या खेड्यात जन्मलेल्या माणसाने तो कुठून आणायचा? विक्रमाची नोंद झाली नाही. फौजा सिंग पुढेही पळत राहिले.

*

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते, पावसाळा सरत आला की. पोलीस कवायत मैदानावरून निघायचं, शहर ओलांडून समर्थ मंदिराकडे, तिथून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला थोडं पुढे जाऊन वळायचं आणि आल्या वाटेने खाली. एकवीस किलोमीटर आणि वर काहीशे मीटर चढ. हे वरचे मीटर पोरांच्या लक्षात राहत नाहीत, आमच्या पायांच्या राहतात.

घाटात वयाचा खरा खेळ दिसतो. शहरात, सपाटीवर, पोरं सुसाट सुटतात. त्यांच्या घड्याळावर किलोमीटरमागचा वेग असतो आणि घाटातही तोच टिकवायची त्यांची जिद्द असते. जुनी मंडळी घाट लागला की घड्याळ बाहीखाली ढकलतात. पावलं आखूड, खांदे सैल, बोलता येईल एवढाच दम. तीव्र वळण आलं की सरळ चालायला लागतात, हात जोराने मागे टाकत. चालायची लाज वाटणं हे तिशीचं दुखणं आहे. चढावर रखडत पळणारा आणि झपाट्याने चालणारा यांच्यात फारसं अंतर पडत नाही, मात्र वर पोचल्यावर एकाचे पाय संपलेले असतात आणि दुसऱ्याचे शाबूत. हे पुस्तकात वाचून पटत नाही. एकदा त्या घाटात जिरावी लागते.

मग उतार. बघणाऱ्याला वाटतं, आता काय, घरंगळत जायचं. खरा मार इथेच बसतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि या कामात त्यांचे तंतू सूक्ष्म फाटतात. दुखणं त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटतं. तिशीतला माणूस आठवड्यात विसरतो, साठीतल्याला भरून यायला जास्त दिवस लागतात. सोमवारी सोसायटीचा जिना कठडा धरून उलटा उतरणारे गृहस्थ दिसले तर वैद्य गाठू नका. ते साताऱ्याहून आलेत.

*

"काका, साइड प्लीज." मागून ही हाक आली की वाट द्यायची. यवतेश्वरच्या वरच्या टप्प्यात त्याच मुलाला आपण "बाळा, जरा बाजूला" म्हणायचं. एवढ्यासाठी सहा महिने पहाटे उठायला हरकत नाही.

*

"गुडघे जातील हो!" हे सांगणारे बहुतेक सगळे खुर्चीत बसून सांगतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४ पासून पन्नाशीपुढच्या पाचशेहून अधिक धावपटूंचा वीस वर्षांहून जास्त काळ माग ठेवला. ही मंडळी आमच्यासारखीच क्लबातली होती. शेजारी तुलनेला न पळणारी माणसं घेतली होती. एकोणीस वर्षांनी धावपटूंपैकी १५ टक्के वारले होते, दुसऱ्या गटातले ३४ टक्के. उठणं-बसणं, चालणं, कपडे घालणं अशा कामांतली अडचणही धावपटूंना बरीच उशिरा सुरू झाली. अर्थात जो मुळात धडधाकट असतो तोच पन्नाशीनंतर पळत राहतो, त्यामुळे सगळं श्रेय बुटांना देऊ नये. पण गुडघ्यांची काळजी करणाऱ्या शेजाऱ्यांना मी हे आकडे ऐकवतो. ते म्हणतात, अमेरिकेत रस्ते चांगले असतात.

*

एज ग्रेडिंग नावाचं एक गणित आहे. तुमच्या वयाच्या आणि लिंगाच्या माणसाची सर्वोत्तम वेळ प्रमाण धरायची आणि तुम्ही तिच्या किती टक्के जवळ आलात ते काढायचं. साठ टक्के म्हणजे स्थानिक दर्जा, सत्तर म्हणजे प्रादेशिक, ऐंशी म्हणजे राष्ट्रीय, नव्वद म्हणजे जागतिक. या गणिताने सासरा जावयाला हरवू शकतो, आणि आमच्या ग्रुपमध्ये ते झालंय. जावईबापूंनी ही पद्धत मान्य केलेली नाही.

*

साठीपुढच्या बायकांच्या गटात कधी कधी तिघीच असतात. तिघींना व्यासपीठ नक्की. म्हणून त्या निवांत पळतात असं कोणाला वाटत असेल तर त्याने शेवटचा किलोमीटर बघावा. तिसरी कोण होणार यावरून जेवढी चुरस असते, तेवढी पहिलीसाठीही नसते.

बारामतीच्या लता करे सगळ्यांना ठाऊक आहेत. नऊवारी, अनवाणी पाय, ज्येष्ठांची शर्यत, पहिला नंबर. त्यांच्यावरच्या चित्रपटात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्याविषयी बोलताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. पण नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते आणि पैसे पहिल्या नंबराला होते. त्या भाग घ्यायला नव्हे, जिंकायला उतरल्या होत्या.

*

माईकवाला ओरडतो, "या वयातही! आजोबांसाठी जोरदार टाळ्या!" आजोबा त्या क्षणी पुढच्या पांढऱ्या टोपीवाल्याला गाठायच्या विचारात असतात. आमच्या वयाच्या धावपटूला 'प्रेरणादायी' म्हटलं की त्याची स्पर्धा संपवल्यासारखं होतं. पंचवीस वर्षांच्या पोराला विचारतात, किती वेळ लागला? आम्हाला विचारतात, त्रास नाही ना झाला? मला पहिला प्रश्न हवा असतो.

कॅनडातले एड व्हिटलॉक मला या कारणासाठी आवडतात. मिल्टन गावात घराजवळच्या दफनभूमीत ते रोज तासन् तास चकरा मारायचे. सरावात आपल्याला काही आनंद नाही, शर्यत आवडते, असं उघड सांगायचे. २००४ मध्ये, ७३ व्या वर्षी, त्यांनी २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत फुल मॅरेथॉन पुरी केली. तरुणांतही ही वेळ फार थोड्यांना जमते. २०१६ मध्ये, ८५ व्या वर्षी, चार तासांच्या आत. माझ्या माहितीतले बरेच जण त्यांचं चित्र मोबाइलवर ठेवतात. मी त्यांच्या वेळा ठेवतो.

*

तहान वयाबरोबर मंदावते, म्हणून लागायची वाट बघू नये. उलट वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही वाईट. घोट-दोन घोट, पुढे. साताऱ्याच्या धुक्यात हे विसरायला होतं, कारण घाम पावसात मिसळलेला असतो.

*

निकालाचं भांडण. आमचे दोन सभासद, एकच गट. बँकवाले शेवटच्या पट्टीवर पुढे होते, सगळ्यांनी पाहिलं. निकालात मागे गेले. कारण बिबमागची चिप सुरुवातीच्या चटईवरून शेवटच्या चटईपर्यंतचाच वेळ मोजते आणि दुसरे गृहस्थ गर्दीत मागे उभे होते, मिनिटभर उशिरा निघाले होते. मिसळ येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. दुसरा पाव घेताना बँकवाले म्हणाले, "पुढच्या वर्षी तू जिथे उभा राहशील तिथेच मी उभा राहणार. शौचालयाच्या रांगेपासून."